कोयनेचा कंप आणि खिशांतील यंत्र

मनुष्याला ज्ञानेंद्रियें पांच, हा हिशेब फार जुना आहे. डोळा रूप जाणतो, कान शब्द जाणतो, त्वचा स्पर्श जाणते. परंतु हवेचा दाब किती आहे, उत्तर दिशा नेमकी कोणती, आणि पायाखालची जमीन किती जोरानें हलली, या तीन प्रश्नांना पांचांपैकीं एकही इंद्रिय भरंवशाचें उत्तर देऊं शकत नाहीं. ज्याला भूकंपाचा अनुभव आहे त्याला विचारावें, तर तो भयाचें वर्णन करील. जोराचें माप मात्र सांगूं शकणार नाहीं. ज्या ठिकाणीं इंद्रियें थकतात, तेथून यंत्राचें काम सुरू होतें.

आज सांगलीच्या हळदीच्या पेठेंतील व्यापारी असो कीं साताऱ्याच्या एस. टी. स्थानकावर उभा असलेला विद्यार्थी असो, त्याच्या खिशांतील स्मार्टफोनमध्यें अशीं अनेक कृत्रिम इंद्रियें असतात. त्यांना संवेदक म्हणतात. फोन आडवा धरला कीं चित्र आडवें होतें, कानाशीं नेला कीं पडदा काळा होतो, उन्हांत नेला कीं उजळतो, नकाशावरील बाण मालकाबरोबर वळतो. हीं सारीं संवेदकांचीं कामें. तीं इतक्या गुपचूप चालतात कीं त्यांच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु यांतील प्रत्येक इंद्रियाला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचीं कांहीं ठळक पानें खुद्द महाराष्ट्रांत लिहिलीं गेलीं. त्यांतील एक पान तर सातारा जिल्ह्यांत, कोयनेच्या कांठीं, पावणेदोनशेंहून अधिक माणसांच्या मृत्यूनें लिहिलें गेलें आहे.

प्रथम हवेच्या दाबाची गोष्ट घ्यावी. इटलींत तोरिचेल्ली यानें १६४३ सालीं पाऱ्याच्या नळींतून हवेला वजन आहे हें दाखविलें. पुढें १६४८ मध्यें पास्काल याच्या सूचनेवरून फ्रान्समधील एका डोंगरावर ती नळी नेण्यांत आली, आणि जसजसें वर जावें तसतसा पारा खालीं उतरतो हें सिद्ध झालें. हें ज्ञान दख्खनच्या पठारावर पद्धतशीर वापरणाऱ्यांत कर्नल विल्यम साइक्स हे अग्रगण्य होत. मुंबई सरकारनें १८२४ मध्यें त्यांना या प्रदेशाची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलें होतें. गांवोगांव फिरतांना ते वायुभारमापक बरोबर बाळगीत. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत १८३५ सालीं त्यांचा दख्खनच्या हवामानावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांनीं एक विलक्षण गोष्ट मांडली. समुद्राप्रमाणें वातावरणालाही रोजची भरतीओहोटी असते. सकाळीं नऊदहाच्या सुमारास दाब चढतो आणि दुपारीं चारपांचच्या सुमारास उतरतो. आकाश निरभ्र असो वा ढगाळ, हा क्रम बहुधा चुकत नाहीं.

साइक्ससाहेबांना जें यंत्र पेटींत घालून, काच फुटूं नये म्हणून जिवापाड जपून न्यावें लागलें, तेंच काम करणारा संवेदक आज कित्येक फोनांत तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नसतो. सर्व फोनांत तो नसतो. परंतु २०११ सालच्या गॅलेक्सी नेक्ससपासून अनेक चांगल्या फोनांत तो दिसूं लागला. त्यांत पारा नाहीं. सिलिकॉनचा एक अतिशय पातळ पडदा हवेच्या दाबानें किंचित् वांकतो आणि त्या वांकण्याचें रूपांतर विजेच्या संकेतांत होतें. सांगलींत हा संवेदक अदमासें ९५० हेक्टोपास्कल दाब दाखवील. साताऱ्यास तो आंकडा ९३० ते ९३५ च्या आसपास येईल, आणि महाबळेश्वराच्या माथ्यावर ८६५ च्या घरांत. या उंचीवर सुमारें ९ मीटर चढलें कीं दाब एका हेक्टोपास्कलनें घटतो. म्हणून तीन मजले चढल्याचीही नोंद फोन सहज घेतो. आणि ज्याच्या फोनांत हें इंद्रिय आहे त्यानें एकाच खोलींत, एकाच मेजावर, सकाळीं दहा वाजतां आणि दुपारीं चार वाजतां आंकडा टिपून ठेवावा. आठ दिवसांत साइक्ससाहेबांची भरतीओहोटी त्याच्या वहींत उतरलेली दिसेल. फरक दोन ते चार हेक्टोपास्कलचाच, पण नियम दोनशें वर्षांपूर्वींचाच.

दुसरी गोष्ट दिशेची. मुंबईस कुलाबा येथें १८२६ मध्यें वेधशाळा उभी राहिली आणि १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं निरीक्षणें होऊं लागलीं. नानाभाई मूस हे त्या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांच्या कारकीर्दींत मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या सुरू करण्याचें ठरलें. तारांतून वाहणारा विजेचा प्रवाह सूक्ष्म चुंबकसूचीला बिघडविणार, हें उघड होतें. तेव्हां चुंबकीय निरीक्षणांचें ठाणें १९०४ सालीं अलिबागेस हलविण्यांत आलें. तेथील इमारतीसाठीं काळा पाषाण न वापरतां पोरबंदरचा अचुंबकीय दगड आणविला, कारण सह्याद्रीचा काळा दगड स्वतःच लोहचुंबकाचे कण पोटांत बाळगून असतो. एका नाजूक इंद्रियासाठीं एवढी सावधगिरी घ्यावी लागली.

त्या काळ्या दगडानें पुढें जगाला एक धडा दिला. लाव्हा थंड होतांना त्यांतील लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणें रांगेंत उभे राहतात आणि तसेच गोठतात. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील ब्लॅकेट यांच्या मार्गदर्शनाखालीं क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनीं दख्खनच्या खडकांचें हें गोठलेलें चुंबकत्व मोजून १९५६ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे खडक ज्या काळीं तयार झाले त्या काळीं हिंदुस्थान विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, असें त्यांतून दिसून आलें. भूखंडें सरकतात, या त्या वेळीं वादग्रस्त असलेल्या मताला यामुळें मोठा आधार मिळाला.

फोनमधील चुंबकसंवेदक याच जातीचा आहे. मात्र त्याला पोरबंदरी दगडाचें घर मिळालेलें नाहीं. फोनच्या पोटांत ध्वनिवर्धकाचा चुंबक, बाहेर चुंबकाच्या बटणाचें पाकीट, शेजारीं मोटारीचें लोखंड, अशा गर्दींत त्याला उत्तर शोधावी लागते. म्हणून त्याची दिशा चुकूं लागली कीं फोन हवेंत इंग्रजी आठाच्या आंकड्याप्रमाणें फिरवावा असें सांगतात. तसें फिरविल्यानें फोनला स्वतःच्या अंगच्या चुंबकत्वाचा अंदाज येतो व तें वजा करतां येतें. अजिंक्यताऱ्यावर वा सज्जनगडावर दिशा पाहणाऱ्यानें फोन काळ्या कातळावर टेकवूं नये, हातांत धरावा. कातळही आपलें चुंबकत्व त्यांत मिसळतो. यंत्रानें दिलेलें उत्तर कोणत्या परिस्थितींत दिलें, हें न पाहतां तें स्वीकारणें म्हणजे साक्षीदाराची उलटतपासणी न करतां निकाल देण्यासारखें होय.

आतां तिसरी गोष्ट, आणि तीच या भागाच्या जिव्हाळ्याची आहे.

कोयना ही सह्याद्रींत उगम पावून कराडास कृष्णेला मिळणारी नदी. देशमुखवाडीजवळ, आज ज्याला कोयनानगर म्हणतात तेथें, तिच्यावर १०३ मीटर उंचीचें धरण बांधण्यांत आलें. त्याच्या मागें शिवाजीसागर जलाशय पसरला. १९६२ पासून त्यांत पाणी सांठूं लागलें, आणि लौकरच आसपासच्या गांवांना जमिनीचे बारीक हादरे जाणवूं लागले. सुरुंग उडावा तसा आवाज व्हावा आणि भांडीं खणखणावीं, असे ते हादरे होते. १९६३ मध्यें त्या परिसरांत भूकंपलेखक यंत्रें बसविण्यांत आलीं. हादऱ्यांचीं उगमस्थानें जलाशयाच्या आसपासच गोळा झालेलीं आढळलीं.

त्या काळचा सर्वमान्य समज मात्र निराळा होता. दख्खनचें पठार म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरील एक पुरातन, अचल शिला. येथें मोठा भूकंप व्हावयाचा नाहीं, असें पाठ्यपुस्तकें सांगत. इमारती व धरणें यांच्यासाठीं जी भारतीय मानकसंहिता होती तिच्या नकाशांत हा प्रदेश शून्य विभागांत घातलेला होता. जगांत अन्यत्र कांहीं इशारे मिळालेले होते. अमेरिकेंत हूव्हर धरणाच्या जलाशयाखालीं झालेल्या हादऱ्यांविषयीं कार्डर यानें १९४५ मध्येंच लिहिलें होतें. चीनमधील शिनफेंगजियांग येथें १९६२ त, आफ्रिकेंतील करीबा येथें १९६३ त आणि ग्रीसमधील क्रेमास्ता येथें १९६६ त नव्या जलाशयांच्या परिसरांत सहाहून अधिक तीव्रतेचे भूकंप झाले. कोयनेसही १३ सप्टेंबर १९६७ रोजीं पांचांहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. यंत्रें बोलत होतीं. पण अचल पठाराचा समज त्यांच्याहून मोठ्यानें बोलत होता.

११ डिसेंबर १९६७. पहांटेचे ४ वाजून २१ मिनिटें. मार्गशीर्षाच्या थंडींत गांवें झोंपेंत असतांना सुमारें ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि जड छपरें झोंपलेल्या माणसांवर कोसळलीं. कोयनानगरांतील बहुसंख्य घरें मोडलीं. मृतांची संख्या पावणेदोनशेंच्या वर गेली आणि जखमींची दीड हजारांच्या वर. पोफळीचें वीजगृह बंद पडलें आणि दूर मुंबईंत अंधार झाला. सांगली, कोल्हापूर, पुणें, मुंबई, सर्वत्र लोक घराबाहेर धांवले. पानशेतचें धरण फुटून पुण्यावर आलेल्या १९६१ च्या संकटास साडेसहा वर्षेंच झालीं होतीं. कोयनेच्या जलाशयाची क्षमता सुमारें शंभर अब्ज घनफूट. तें धरण गेलें असतें, तर कराड आणि पुढें कृष्णाकांठचीं सांगलीपर्यंतचीं गांवें यांचें काय झालें असतें, हें सांगावयास नको.

धरण गेलें नाहीं. पण त्याच्या दोन्ही अंगांवर, ज्या उंचीवर त्याच्या मागील बाजूचा उतार एकाएकीं बदलतो त्या सुमारास, आडव्या भेगा पडल्या. आणि त्याच धरणाच्या पोटांत, १-अ क्रमांकाच्या खंडांतील बोगद्यांत, एक यंत्र जागें होतें. तें त्वरणलेखक यंत्र. साधें भूकंपलेखक यंत्र फार नाजूक असतें. दूरच्या भूकंपाची तें उत्तम नोंद घेतें, परंतु भूकंप पायाखालींच झाला तर त्याची लेखणी कागदाबाहेर जाते. त्वरणलेखक यंत्राची रीत उलट आहे. तें एरवीं निजलेलें असतें. मोठा धक्का बसतांच जागें होतें आणि जमीन क्षणाक्षणाला किती त्वरणानें हलते याची नोंद छायाचित्रणाच्या कागदावर उमटवितें. अशी पहिली नोंद कॅलिफोर्नियांत लाँग बीच येथें मार्च १९३३ मध्यें मिळाली होती. कोयनेच्या यंत्रानें त्या पहांटे जी रेषा काढली ती भूकंपशास्त्रांत जगप्रसिद्ध झाली.

ती रेषा काय सांगत होती? धरणाच्या लांबीच्या दिशेनें जमिनीचें कमाल त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट होतें. नदीच्या दिशेनें ०.४९ पट, उभ्या दिशेनें ०.३४ पट. धरणाचा आराखडा करतांना मात्र भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट धरलेला होता. क्षणभर टिकणारें कमाल त्वरण आणि आराखड्यांतील स्थिर भार यांची बरोबरी सरळ करतां येत नाहीं, हें खरें. तरीही तफावत डोळ्यांत भरण्यासारखी होती. रुरकी येथील जय कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६९ मध्यें या नोंदीचें विश्लेषण प्रसिद्ध केलें. पुढें १९७३ मध्यें अनिल चोप्रा व चक्रवर्ती यांनीं ती नोंद गणितांत घालून धरण क्षणोक्षणीं कसें डोललें असेल हें काढलें. ज्या ठिकाणीं उतार बदलतो तेथेंच काँक्रीटवर सर्वांत मोठा ताण आला, हें त्यांच्या गणितानें दाखविलें. आणि भेगा नेमक्या तेथेंच होत्या. जुन्या पद्धतीच्या हिशेबाला ही जागा धोक्याची आहे हें कळलेंच नव्हतें. एका पेटींतील रेषेनें हें काम केलें.

परिणाम दूरवर गेले. धरणास मागील बाजूनें काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन तें बळकट करण्यांत आलें. १९७० च्या सुधारित मानकसंहितेंतून शून्य विभाग कायमचा काढून टाकण्यांत आला. भारतांत भूकंपापासून सर्वस्वीं मुक्त असा प्रदेश नाहीं, हें कबूल झालें. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानें तें पुन्हां दुःखद रीतीनें पटविलें. दरम्यान वारणेवर, सांगली जिल्ह्याच्या सीमेवर, दुसरें धरण झालें आणि १९९३ पासून त्या बाजूसही हादरे वाढले. १९६७ नंतर या टापूंत पांचांहून अधिक तीव्रतेचे वीसांहून अधिक भूकंप झाले आहेत.

याचें कारण काय? पाण्याच्या वजनानें पृथ्वी फुटते, ही समजूत अपुरी आहे. खडकांतील जुन्या भेगांवर मुळांतच मोठा ताण असतो. सांठलेलें पाणी भेगांतून हळूहळू खोल झिरपतें, तेथील दाब वाढवितें आणि दोन कडांमधील घर्षण कमी करतें. म्हणजे ताण निसर्गाचा. पाणी केवळ निमित्त. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेंतील हर्ष गुप्ता व इतर शास्त्रज्ञांनीं जलाशयाची पातळी, ती चढण्याचा वेग आणि उंच पातळी किती काळ टिकते यांचा भूकंपांशीं असलेला संबंध दीर्घकाळ अभ्यासला. पुढें पाटण तालुक्यांतील गोठणें येथें २०१६-१७ मध्यें तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यांत आलें. काळ्या पाषाणाचा सुमारें १,२५० मीटरांचा थर संपल्यावर खालीं प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. या कामासाठीं केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची स्वतंत्र प्रयोगशाळा कराड येथें आहे.

धरणाच्या पोटांतील त्या यंत्राचें तत्त्व साधें आहे. बस एकाएकीं सुटली कीं उभा प्रवासी मागें झुकतो. थांबली कीं पुढें. वस्तुमान आपली स्थिति सोडण्यास नाखूष असतें. एखादें वजन स्प्रिंगेवर टांगून पेटींत ठेवलें, तर पेटी हलतांच वजन मागें राहतें, आणि तें किती मागें राहिलें यावरून पेटीचें त्वरण कळतें. फोनमध्यें हीच पेटी आहे. फक्त तिचें आकारमान मिलिमीटरांत आलें आहे. सिलिकॉनचा एक सूक्ष्म ठोकळा सिलिकॉनच्याच बारीक पट्ट्यांवर टांगलेला असतो. त्याला फणीसारखे दांते असतात आणि ते स्थिर दांत्यांच्या मध्यें बसलेले असतात. ठोकळा किंचित् सरकला कीं दांत्यांतील अंतर बदलतें, अंतराबरोबर विद्युत्धारकता बदलते, आणि तो बदल फोन मोजतो. उभ्या, आडव्या आणि खोलीच्या अशा तिन्ही दिशांना ही योजना असते. १९९० नंतरच्या दशकांत मोटारींच्या अपघातांत हवेची पिशवी वेळेवर फुगावी म्हणून असे संवेदक मोठ्या प्रमाणावर होऊं लागले, स्वस्त झाले, आणि २००७ च्या आयफोननंतर घरोघरीं पोंचले. गोल फिरण्याचा वेग सांगणारा जायरोस्कोप त्याचा जोडीदार. फूको यानें १८५२ मध्यें फिरत्या चाकाचा जायरोस्कोप दाखविला. फोनमध्यें चाकाऐवजीं थरथरणारा सिलिकॉनचा तुकडा तें काम करतो.

हें इंद्रिय प्रत्यक्ष पाहावयाचें असेल, तर जर्मनींतील आखेन विद्यापीठानें २०१६ मध्यें फुकट उपलब्ध करून दिलेल्या फायफॉक्ससारख्या साधनानें पाहतां येतें. फोन मेजावर स्वस्थ ठेवावा. आंकडा शून्य येईल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षांत तो सेकंदास सेकंदास ९.८ मीटरांच्या जवळपास येतो. मेज फोनला खालून जेवढ्या जोरानें उचलून धरतें तो जोर संवेदकाला जाणवतो. तोच फोन गादीवर अलगद टाकला, तर पडण्याच्या त्या निमिषांत आंकडा शून्याजवळ येतो. मेजावर बोट वाजवावें, म्हणजे पडद्यावर लहानसा भूकंप उमटतो. विज्ञानशिक्षकाला वर्गांत दाखविण्यास याहून स्वस्त प्रयोगशाळा मिळणें कठीण.

मग कोट्यवधि खिशांतील हीं यंत्रें मिळून भूकंपाची वार्ता देऊं शकणार नाहींत काय? या प्रश्नांतून कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठानें २०१६ मध्यें मायशेक ही योजना काढली. गूगलनें अँड्रॉइड फोनांसाठीं अशी व्यवस्था २०२० मध्यें अमेरिकेंत सुरू केली, आणि राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरण व राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र यांच्या सल्ल्यानें सप्टेंबर २०२३ मध्यें ती भारतांत आली. एका फोनचा साक्षीपुरावा येथें घेतला जात नाहीं. कारण फोन मेजावरून पडतो, मूल त्याच्याशीं खेळतें, मालमोटार शेजारून जाते. परंतु एका टापूंतील अनेक स्वस्थ फोन एकाच वेळीं एकाच प्रकारें हलले, तर तो योगायोग नव्हे. स्वस्थ पडलेला, विजेच्या तारेला जोडलेला फोन यासाठीं सर्वांत उपयोगी. म्हणजे पहांटेच्या चार वाजतां, जेव्हां माणसें सर्वांत असहाय असतात, तेव्हांच त्यांचे फोन उशाशीं जोडलेले, निश्चल, उत्तम भूकंपलेखक बनलेले असतात.

ही व्यवस्था भूकंपाचें भाकित करीत नाहीं, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. भूकंप केव्हां होईल हें आजही कोणतेंही यंत्र सांगत नाहीं. ती फक्त एका शर्यतीचा फायदा घेते. जमिनीला मोठे हेलकावे देणारी लाट सेकंदाला सुमारें साडेतीन किलोमीटर जाते. संदेश त्याहून अतोनात वेगानें जातो. कोयनानगराहून सरळ रेषेंत सातारा सुमारें ४० किलोमीटर, कराड ४७, सांगली १०६, मुंबई दोनशेंच्या वर. म्हणजे १९६७ सारखा धक्का पुन्हां बसला, तर विध्वंसक लाट साताऱ्यास अकराबारा सेकंदांत, कराडास तेराचवदा सेकंदांत, सांगलीस तीस सेकंदांत आणि मुंबईस एका मिनिटांत पोंचेल. समजा, फोनांनीं ओळखून इशारा देण्यास आठ सेकंद घेतले. साताऱ्यास हातांत तीनचार सेकंद उरतात, कराडास पांचसहा, सांगलीस बावीस, मुंबईस पन्नास.

बावीस सेकंद थोडे नव्हेत. तेवढ्यांत शस्त्रक्रिया करणारा हात थांबूं शकतो, पाळण्यांतील मूल उचलतां येतें, उंच कपाटापासून दूर होतां येतें, भक्कम मेजाखालीं शिरतां येतें. पण खुद्द कोयनानगरास, पाटणाच्या खोऱ्यांतील वाड्यांना, उरलेले सेकंद शून्य. ज्यांना इशाऱ्याची सर्वांत अधिक गरज, त्यांच्यापर्यंत इशारा आणि लाट बरोबरच पोंचणार, किंबहुना लाट आधीं पोंचणार. त्यांचे फोन हलतील, आणि त्यांच्या हलण्यावरून सांगलीकर सावध होतील. एकाच्या संकटांतून दुसऱ्याला वेळ मिळावा, असा हा हिशेब आहे. तो यंत्राच्या दोषामुळें नाहीं, अंतराच्या नियमामुळें आहे. तंत्र कितीही सुधारलें तरी भूकंपाच्या तोंडाशीं असलेल्या गांवाला तें सेकंद देऊं शकणार नाहीं.

म्हणून खोऱ्यांतल्या माणसाचें रक्षण त्याच्या खिशांतील फोन करणार नाहीं. त्याची भिंत करील. दगडमातीच्या जाड भिंतींना ठराविक अंतरावर आरपार दगड घातले, जोत्याशीं, खिडक्यांच्या माथ्याशीं आणि छपराखालीं घराभोंवतीं सलग पट्टे बांधले, कोपरे नीट गुंफले, छपराचें ओझें कमी केलें, तर भिंत फांकून आंत कोसळत नाहीं. हें ज्ञान आज नवें नाहीं, महागही फारसें नाहीं. १९६७ च्या पहांटे माणसें जमिनीच्या हलण्यानें मेलीं नाहींत. घरांच्या पडण्यानें मेलीं. धरणाला टेकू मिळाला, संहितेचा नकाशा बदलला. तोच न्याय प्रत्येक वाडीवरील भिंतीला मिळणें, हें त्या भूकंपाचें उरलेलें काम आहे.

संवेदक मोजतो, मोजल्याचा अर्थ माणसालाच लावावा लागतो. साइक्स यांनीं पाऱ्याच्या चढउतारांत नियम पाहिला, मूस यांनीं ट्रामच्या तारांत धोका पाहिला, आणि धरणाच्या पोटांत उमटलेली रेषा वाचणाऱ्यांनीं काँक्रीटची दुबळी जागा पाहिली. १९६३ पासून कोयनेचीं यंत्रें हादरे लिहीत होतीं, तरी त्यांतील अर्थ लोकांच्या घरांपर्यंत वेळेवर पोंचला नाहीं. आज तीं यंत्रें संख्येनें कोट्यवधि झालीं आहेत आणि प्रत्येकाच्या उशाशीं आलीं आहेत. त्यांनीं लिहिलेलें वाचावयास शिकणें, आणि वाचून झाल्यावर घराच्या भिंतीकडे पाहणें, एवढें सातारा-सांगलीच्या सुशिक्षित कुटुंबाला निश्चित करतां येण्यासारखें आहे.